हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला आर्थिक मदत: कुठली, कधी आणि कोणत्या क्रमाने

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारा मुलगा चाकणला एका कंपनीत कंत्राटदारामार्फत कामाला आहे, पगार 16,500 रुपये. आईवडील बार्शी तालुक्यातल्या गावी राहतात. वडील 54 वर्षांचे, गवंडीकाम करायचे. गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला, आणि आता डॉक्टर हार्ट फेल्युअर (हृदयाची ताकद कमी पडणे) म्हणतात. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ई.एफ. (हृदय किती रक्त बाहेर ढकलते त्याचे माप) 25 टक्के. दम लागून दोनदा खासगी रुग्णालयात भरती करावे लागले, त्यात सव्वा लाख रोख गेले. औषधांना महिन्याला 4,800 रुपये लागतात. आता आय.सी.डी. (हृदयाची धोकादायक लय झटका देऊन थांबवणारे, शरीरात बसवायचे यंत्र) बसवायला सांगितले आहे आणि रुग्णालय लाखभर आगाऊ मागते आहे. रेशन कार्ड केशरी. घरात जमीन विकायची बोलणी सुरू आहेत. त्याला दोन गोष्टी हव्या आहेत: मुख्यमंत्री निधीतून किती मिळतील, आणि भरलेले सव्वा लाख परत मिळतील का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. झालेला खर्च परत मिळत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, महात्मा फुले योजना, धर्मादाय रुग्णालयातली सवलत, या सगळ्यांची रीत एकच आहे: उपचाराआधी किंवा रुग्ण भरती असताना अर्ज करायचा, आणि पैसा रुग्णालयाच्या खात्यात जातो. तुमच्या हातात रोख येत नाही. जुनी बिले घेऊन कुणी 'मिळवून देतो' म्हणाला तर तो एजंट आहे, त्याच्या नादी लागू नका. यातल्या कुठल्याही अर्जाला फी नाही. मात्र ती दोन डिस्चार्ज कार्डे जपून ठेवा. वर्षात दोन वेळा भरती व्हावे लागले हा मोठा वैद्यकीय पुरावा आहे, आणि तो पुढे प्रत्येक अर्जाला लागणार आहे.

आता मूळ अडचण. तुमची सगळी धडपड आय.सी.डी.च्या लाखांभोवती चालली आहे. हिशेब मांडून पाहा. 4,800 गुणिले 12 म्हणजे वर्षाला 57,600. तपासण्या, बार्शी-सोलापूरच्या खेपा आणि आईची बुडालेली मजुरी धरली तर आकडा आणखी फुगतो, आणि हे दरवर्षीचे आहे. हार्ट फेल्युअर एका ऑपरेशनने संपणारा आजार नाही. सरकारी योजना बहुतेक करून भरतीवर पैसे देतात. आजार मात्र घरी असतो, रोजच्या गोळ्यांवर चालतो. गोळ्या परवडेनाशा झाल्या की घरचे लोक काय करतात हे कुठल्याही हृदयरोग ओपीडीत दिसते: दोनची एक होते, मग एक दिवसाआड होते, मग 'बरे वाटतेय' म्हणून बंद. दोन-तीन आठवड्यांत पायाला सूज, रात्री उशाला दोन उशा, आणि पुन्हा आय.सी.यू. म्हणून मी आधी गोळ्यांचा खर्च बसवायला सांगतो, मग भरतीची सोय, आणि यंत्राचे शेवटी.

गोळ्यांसाठी तुमच्या हातात एक गोष्ट आहे आणि ती तुम्ही प्रश्नात लिहिलेलीच नाही. पगाराची स्लिप काढा. कपातीच्या रकान्यात 'ई.एस.आय.' असे लिहून पुढे 124 रुपये आहेत का ते बघा. महिना 21,000 पर्यंत पगार असलेला कामगार, ज्या आस्थापनेला हा कायदा लागू आहे तिथे, कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजेच ई.एस.आय.मध्ये, येतो. कामगाराकडून पगाराच्या 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के जातात. 16,500 चे 0.75 टक्के म्हणजे 124 रुपये. कंत्राटी कामगारही यात असतो. आणि या योजनेत कुटुंब म्हणजे फक्त बायकामुले नाहीत, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही त्यात धरतात. त्यांचे स्वतःचे उत्पन्न महिना 9,000 रुपयांच्या आत हवे. घरी बसलेल्या गवंड्याला ही अट अडत नाही.

याचे महत्त्व असे की गरिबांसाठीच्या मोठ्या विमा योजनांत ओपीडी आणि महिन्याची औषधे नियमाने देणारी हीच एक आहे. भरती झाली तरच पैसे, असे इथे नाही. वडिलांचे नाव तुमच्या ई-पहचान कार्डावर (ई.एस.आय.च्या ओळखपत्रावर) आहे का ते पाहा. बहुतेक वेळा नसते, कारण नोकरीला लागताना कंत्राटदाराचा माणूस घाईत फॉर्म भरतो आणि कुटुंबाच्या रकान्यात 'निरंक' टाकतो. नाव चढवायला वडिलांचे आधार आणि फोटो घेऊन आधी कंपनीच्या किंवा कंत्राटदाराच्या एच.आर.कडे जा. तिथे दाद लागली नाही तर ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात जा. तुम्ही चाकणला आणि आईवडील गावी, तरी अडचण नाही. कुटुंबासाठी वेगळा दवाखाना नेमून घेता येतो. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे. नाव चढवताना कुटुंबाचा पत्ता वेगळा असल्याचे आणि त्यांच्यासाठी सोलापूरकडचा दवाखाना हवा असल्याचे स्पष्ट सांगा.

अडचणी इथेही आहेत. यंत्र बसवणे, बायपास अशा सुपर स्पेशालिटी उपचारांसाठी काही काळाचे सलग योगदान भरलेले असावे लागते, तेव्हा तुमची नोकरी किती दिवसांची आहे त्यावर ते ठरेल. कंत्राटदाराने पैसे कापले पण भरलेच नाहीत, असेही घडते. तुमच्या विमा क्रमांकावर ऑनलाइन योगदानाचा इतिहास दिसतो, तो महिन्यागणिक तपासा. दवाखान्यात एखादी गोळी शिल्लक नसली तर 'बाहेरून घ्या' एवढ्यावर निघून येऊ नका. तिथल्या डॉक्टरांकडून स्थानिक खरेदीची चिठ्ठी मागा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी रुग्णच ई.एस.आय.चा कामगार असेल तर आणखी एक तरतूद माहीत असायला हवी. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या 70 टक्के रक्कम मिळते, ते बहुतेकांना ठाऊक असते. पण 34 दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्या यादीतल्या आजारांना पुढे 80 टक्के दराने, एकूण दोन वर्षांपर्यंत रक्कम मिळू शकते. कन्जेस्टिव्ह हार्ट फेल्युअर त्या यादीत आहे, कार्डिओमायोपॅथी (हृदयाच्या स्नायूचा आजार) हीही आहे. अट अशी की दोन वर्षे सलग विमापात्र नोकरी झालेली असावी आणि त्या काळात किमान 156 दिवसांचे योगदान असावे. अनेक कामगार दम लागतो म्हणून राजीनामा देऊन मोकळे होतात आणि हा हक्क हातचा घालवतात. राजीनामा देण्याआधी शाखा कार्यालयात जाऊन विचारा, एवढे कळकळीने सांगतो.

ई.एस.आय. लागू होईपर्यंत, किंवा लागूच नसेल तर, चिठ्ठीतला खर्च कमी करायचा. 4,800 ची चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा: यातली कुठली गोळी हृदयासाठी सुटताच कामा नये, कुठली बदलून स्वस्त देता येईल, आणि कुठली बंद केली तरी चालेल? हार्ट फेल्युअरच्या चिठ्ठीत साधारण चार आधारस्तंभ असतात. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन किंवा त्याऐवजी एनालाप्रिल-रॅमिप्रिलच्या गटातली गोळी, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शिवाय सूज उतरवणारी फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड. अटॅक येऊन गेलेला असल्याने ॲस्पिरिन आणि स्टॅटिनही असेल. यापलीकडे चिठ्ठीत अनेकदा मल्टिव्हिटॅमिन, को-एन्झाइमच्या कॅप्सूल, प्रोटीन पावडर असते. मी पाहिलेल्या बऱ्याच चिठ्ठ्यांत सातशे-आठशे रुपये निव्वळ या शेवटच्या गटावर जातात. ते बंद करायला डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत, फक्त कुणीतरी विचारावे लागते.

महाग गोळ्यांचे चित्रही बदलले आहे. डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 मध्ये संपले, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनचे मूळ पेटंट 2023 च्या सुरुवातीला, आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च 2025 मध्ये. एम्पाग्लिफ्लोझिनची साठ रुपयांच्या आसपासची गोळी त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांकडून सहा ते पंधरा रुपयांना मिळू लागली. महिन्याला 1,800 कुठे आणि 300-400 कुठे! पण चिठ्ठीवर जुने ब्रँडचे नाव तसेच राहते, मेडिकलवाला तीच पट्टी देतो, आणि घरचे तेच पैसे भरत राहतात. डॉक्टरांना घटकाचे नाव आणि मात्रा लिहून द्यायला सांगा. मग जवळच्या जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवा. तिथल्या किमती ब्रँडपेक्षा साधारण 50 ते 80 टक्क्यांनी कमी असतात. केंद्रात सगळेच कायम शिल्लक असते असे नाही, म्हणून औषध संपायच्या आठवडाभर आधी जा.

दोन गोष्टींत मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलवरून सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनवर जाताना मध्ये 36 तास जावे लागतात. दोन्ही एकत्र गेल्या तर चेहरा, जीभ, घसा सुजून जिवावर बेतू शकते. घरात जुन्या पट्ट्या पडून असतील तर त्या वेगळ्या काढून टाका. आणि चिठ्ठीत डिगॉक्सिन असेल तर त्याची कंपनी किंवा मात्रा डॉक्टरांना न विचारता बदलू नका. त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे.

तपासण्यांचा खर्च तर पूर्ण वाचू शकतो. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. स्पायरोनोलॅक्टोनवर असलेल्या रुग्णाचे पोटॅशियम आणि क्रिएटिनिन ठरावीक काळाने पाहावेच लागते. खासगी लॅबऐवजी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात महालॅब या सरकारी तपासणी सेवेमार्फत ते करून घ्या. मेटोप्रोलॉल, एनालाप्रिल, फ्युरोसेमाइड, ॲटोरव्हास्टॅटिन अशा साध्या गोळ्याही तिथे मिळतात, त्या त्या दिवशीच्या साठ्यावर ते अवलंबून. ध्यानात ठेवा, सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात. तिथे हा निर्णय तसाच लागू नाही, थोडे शुल्क पडते.

आता भरतीबद्दल. केशरी कार्ड म्हणजे महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत तुमचे घर आधीपासून आहे. 2012 ची राजीव गांधी जीवनदायी योजनाच 2017 मध्ये या नावाने पुढे आली, आणि नंतर आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै 2024 पासून संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांचे आहे. म्हणजे तुमचे सव्वा लाख बहुधा या योजनेत बसले असते. लोकांचा समज असा की ही योजना ऑपरेशनची आहे. तसे नाही. हार्ट फेल्युअर बळावून भरती झालेल्या रुग्णाच्या औषधोपचारालाही त्यात पॅकेज, म्हणजे ठरवून दिलेली रक्कम, आहे.

मग पैसे का गेले? नेहमीची कारणे सांगतो. पहिले, रुग्णालय योजनेत आहे एवढे पुरत नाही. ते हृदयरोगाच्या विभागासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेने मान्य केलेले, हवे. हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असलेले रुग्णालय तुमच्या वडिलांसाठी योजनेबाहेरचेच. दुसरे, भरतीच्या वेळी काउंटरवर 'योजनेतून' असे सांगितले जात नाही. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून कागद तयार झाला की मधेच बदलायला रुग्णालये टाळाटाळ करतात. रुग्ण स्ट्रेचरवर असतानाच एकाने आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेने रुग्णालयात नेमलेल्या मदतनीसाच्या, टेबलाशी जायचे. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात ते टेबल असते. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, 'आज रविवार आहे, उद्या बघू' हे कारण चालत नाही. तिसरे कारण सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात जास्त छळणारे: नाव. रेशन कार्डावर 'दत्तू', आधारवर 'दत्तात्रय', आणि जन्मसालात तीन वर्षांचा फरक. किंवा विभक्त कार्ड काढताना वडिलांचे नाव ऑनलाइन चढलेच नाही, छापील कार्डावर मात्र दिसते आहे. हे रात्री दोन वाजता आय.सी.यू.च्या दारात दुरुस्त होत नाही. आजच रेशन दुकानात बारा अंकी नंबरावर कोणकोण दिसते ते पाहून घ्या, चूक असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. आधारची ई-केवायसी करून वडिलांचे आयुष्मान कार्डही काढून ठेवा. आशाताई किंवा सेवा केंद्रवाले ते करून देतात.

योजनेतल्या उपचाराला रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. 'औषधे बाहेरून आणा', 'चांगल्या प्रतीचे हवे असेल तर फरक भरा', असे कुणी म्हणाले तर त्याच वेळी 155388 किंवा 1800 233 2200 वर तक्रार नोंदवा आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. डिस्चार्जनंतर नाही, त्याच वेळी. जे पैसे द्यावेच लागले त्यांची छापील पावती मागा. डिस्चार्ज होताना दहा दिवसांची औषधे योजनेतूनच द्यायची असतात, तीही बहुतेक जण मागत नाहीत. आणि नकार असेल तर कारण लेखी मागा. 'योजनेत बसत नाही' या तीन शब्दांमागे कधी पॅकेज नसते, कधी बेड नसतो, कधी इच्छा नसते. प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. घरात कुणी 70 वर्षांच्या पुढचा रुग्ण असेल तर ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता 5 लाखांचे स्वतंत्र वय वंदना कार्डही मिळते.

आता आय.सी.डी. इथे पैशाआधी एक वैद्यकीय प्रश्न विचारायचा आहे, आणि तो विचारल्याने कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही. वडिलांना वर लिहिलेली चारही प्रकारची औषधे पूर्ण मात्रेत किती दिवस चालू आहेत? अचानक मृत्यू टाळण्यासाठी आधीच बसवायच्या आय.सी.डी.चा निर्णय साधारणपणे अटॅकनंतर किमान 40 दिवसांनी, आणि योग्य औषधे किमान तीन महिने चालल्यावर पुन्हा इको करून, ई.एफ. 35 टक्के किंवा त्याखालीच राहिला तर घेतात. काही रुग्णांचा ई.एफ. औषधांनी इतका सुधारतो की यंत्राची गरज उरत नाही. तुमच्या वडिलांनी पैशाअभावी गोळ्या मधेमधे सोडल्या असतील तर ते डॉक्टरांना प्रांजळपणे सांगा. त्यावर लाखांचा निर्णय फिरू शकतो. मात्र वडिलांना शुद्ध हरपून पडण्याचे झटके आले असतील, किंवा हृदयाची धोकादायक लय मॉनिटरवर सापडली असेल, तर हा तीन महिन्यांचा हिशेब लागू नाही, मग घाई करावीच लागते. हे कागदपत्रे न बघता मी इथून ठरवू शकत नाही.

यंत्र लागणारच असेल तर आधी आरोग्यमित्राकडे पॅकेजचा कोड बघायला सांगा. साधा पेसमेकर पॅकेजमध्ये आहे. आय.सी.डी. किंवा सी.आर.टी. (हृदयाच्या दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणारे यंत्र) म्हणजे वेगळे यंत्र, वेगळी किंमत. रुग्णालय 'नाही' म्हणते तेव्हा कारण अनेकदा हे असते की पॅकेजची रक्कम यंत्राच्या खरेदी किमतीला पुरत नाही. अशा वेळी खासगीत घासाघीस करण्यापेक्षा सरकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण रुग्णालयाचा हृदयरोग विभाग गाठावा. सोलापूरचे सिव्हिल, पुण्याचे ससून, मुंबईत के.ई.एम. तिथे वाट पाहावी लागते, खेटे घालावे लागतात, हे खरे आहे. पण यंत्राची खरेदी तिथे स्वस्त पडते, बाकी खर्च नगण्य असतो, आणि मुख्य म्हणजे समाजसेवा विभाग असतो. तिथला वैद्यकीय समाजसेवक हाच या कामातला तुमचा खरा माणूस. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत 'पुअर बॉक्स' नावाचा निधीही त्याच्या शिफारशीने मिळतो.

खासगीच करायचे तर ते रुग्णालय धर्मादाय आहे का बघा. पुण्यामुंबईतली बरीच मोठी नावे सार्वजनिक न्यासांची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी ती एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. नियम इथे नीट समजून घ्या, कारण यंत्राच्या बाबतीत फरक मोठा पडतो. निर्धन रुग्णाची औषधे, साहित्य आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे यंत्र) रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरून निधीतून वळते करायचे असतात. दुर्बल घटकातल्या रुग्णाला मात्र त्यांच्या खरेदी किमतीच्या निदान निम्मे स्वतः भरावे लागतात. म्हणजे 1 लाख 75 हजारांचा दाखला आणि 1 लाख 85 हजारांचा दाखला यांत यंत्राच्या निम्म्या किमतीचे अंतर आहे. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडे अनामत न मागता आधी उपचार द्यायचे, हेही त्या योजनेतच आहे. 'निधी संपला' असे उत्तर मिळाले तर ते लेखी घ्या आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात जा.

आणि आता मुख्यमंत्री निधी, ज्यावर तुमची सगळी भिस्त होती. हृदयरोग त्याच्या यादीत आहे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख 60 हजार. पूर्ण बिल कधीच मिळत नाही, खर्चाच्या अंदाजाच्या प्रमाणात ठरावीक रक्कम मिळते. महात्मा फुले योजना आणि धर्मादाय सवलत यांतून सोय होत नसेल तरच इथे यायचे, अशी त्याची रचना आहे. रुग्णालय निधीच्या यादीत नोंदलेले असावे लागते. कागद असे: अर्ज, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणित केलेले), चालू वर्षाचा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, आधार, रेशन कार्ड, आजाराचे रिपोर्ट, आणि रुग्ण भरती असेल तर ठिकाण-वेळ दिसणारा जिओ टॅग फोटो. अर्ज मुख्यत्वे दोन कारणांनी अडकतात. एक, मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिलमध्ये जुना होतो. दोन, अंदाजपत्रकावर डॉक्टरांची सही असते पण शिक्का किंवा तारीख नसते. जिल्हाधिकारी कार्यालयातही आता या निधीचा कक्ष आहे, मुंबईचा हेलपाटा मारू नका.

पंतप्रधान निधीतूनही हृदयाच्या ऑपरेशनला मदत मिळते. लोक खासदारांच्या पत्रासाठी महिनाभर थांबतात, अर्ज थेटही करता येतो. शिवाय सिद्धिविनायक न्यास, टाटा ट्रस्ट्स अशा संस्था वैद्यकीय मदत देतात. तुकड्या-तुकड्यांनीच यंत्राचे पैसे उभे राहतात. त्यामुळे समाजसेवकाला सांगून एकाच रकमेच्या अंदाजपत्रकाच्या चार-पाच मूळ सहीच्या प्रती करून घ्या, आणि कुणाकडे अर्ज केला, किती मंजूर झाले, हे प्रत्येक संस्थेला खरेखरे सांगा. सगळी मंजुरीपत्रे एकाच रुग्णालयाच्या नावाने येतात. मधेच रुग्णालय बदलले तर ती कुचकामी ठरतात.

उत्पन्न दाखल्याबद्दल मुद्दाम थांबतो. तलाठ्याचा अहवाल घेऊन सेतूत अर्ज टाकला तर आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून तो रुग्ण ठीक असताना काढून ठेवायचा. कुटुंबाचे उत्पन्न लिहिताना गावात 'कमी टाका, फायदा होईल' असा सल्ला हमखास मिळतो. तुमचा पगार 16,500 म्हणजे वर्षाला 1 लाख 98 हजार. तुम्ही त्याच रेशन कार्डावर असाल तर धर्मादायच्या 'निर्धन' मर्यादेत आणि मुख्यमंत्री निधीच्या मर्यादेत बसणार नाही, दुर्बल घटकात बसाल. लग्न होऊन तुमचे कार्ड खरोखर वेगळे असेल तर वडिलांच्या घराचे उत्पन्न वेगळे धरले जाईल. जे खरे आहे तेच लिहा. पी.एफ.ची नोंद आधारला जोडलेली असताना खोटा दाखला पकडला जायला वेळ लागत नाही, आणि मग ऐन ऑपरेशनच्या आठवड्यात सगळे अर्ज एकदम कोसळतात.

दरमहा हातात काही येईल का? संजय गांधी निराधार योजनेत 1,500 रुपये मिळतात, दुर्धर आजाराने कमावू न शकणारेही त्यात येतात, पण उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 ची. तुमच्या घराला ती अवघड आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी रांगेत उभे राहू नका. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत हृदयविकार नाही, तेव्हा नुसत्या हार्ट फेल्युअरवर ते मिळणार नाही. वडील गवंडी होते, त्यामुळे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी आहे का ते मात्र जरूर शोधा. नोंदणी जिवंत असेल तर गंभीर आजारासाठी 1 लाखापर्यंत मदतीची तरतूद आहे. नोंदणी आणि नूतनीकरणाला वर्षातल्या 90 दिवस कामाचा दाखला लागतो, म्हणून काम सुटल्यावर दिवस घालवू नयेत. ऑपरेशनसाठी रेल्वेने जायचे असेल तर हृदयरुग्ण आणि सोबतचा एक यांना भाड्यात सवलत आहे, रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ती मिळते.

शेवटी, सातशे-आठशे रुपयांचा एक वजनकाटा घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वडिलांनी रोज त्याच कपड्यांत वजन करायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगात साठलेले पाणी आहे, खाण्याचे वजन नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, बहुतेक वेळा सूज उतरवण्याच्या गोळीची मात्रा बदलून भागते. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे बंद. आणि रात्री झोपल्यावर दम कोंडून उठून बसावे लागले तर खासगी गाडी शोधत बसू नका, 108 ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. निघताना रेशन कार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, शेवटचे डिस्चार्ज कार्ड, इकोचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी असलेली पिशवी आईच्या हातात हवी. ती दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवा, आणि प्रत्येक कागदाचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा, म्हणजे चाकणहून तुम्ही आरोग्यमित्राशी बोलू शकाल.